निधनाची पट्टी

मी चौथीपर्यंत शिकलो. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर मागून कोणीतरी सांगणारच, आणि सांगताना हसणार.

कर्जत आणि खालापूर तालुक्यात कोणी वारलं की त्याची खबर वीस-बावीस वर्षं माझ्या हातून गेली. केबलवर आमचं एक छोटं चॅनल होतं. सकाळी भजन, दुपारी कुठल्यातरी गावच्या जत्रेचं नाहीतर कबड्डीच्या सामन्याचं जुनं चित्रण, आणि खालून दिवसभर सरकणारी पट्टी. कोण गेलं, विधी कधी, कुठे. कोणाकडे पूजा आहे, कोणाची म्हैस हरवली, उद्या लाईट किती वाजता जाणार. लोक चॅनल लावायचे ते पट्टीसाठी. भाकऱ्या थापता थापता बायका आवाज बंद करून पट्टीवर नजर ठेवायच्या.

मालक माझ्याहून वीस वर्षांनी लहान. बाजारपेठेत दुकान असलेल्या घरातला. धंदा सुरू केला तेव्हा वायरी आम्ही दोघांनी ओढल्या. मी खांबावर चढायचो, तो खाली शिडी धरायचा. पुढे माझा गुडघा गेला तेव्हा त्याने मला ऑफिसात बसवलं आणि पट्टीचा कागद माझ्याकडे दिला. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचो, कॉम्प्युटरवरची बाई ते टाईप करायची.

आता पट्टी लिहिण्यात काय एवढं, असं कोणालाही वाटेल. मालकालाही वाटलं. माणूस ऑफिसात यायचा तो डोळे सुजलेला. त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, मग विचारायचं, तुमच्यात काय करतात? दहावा करतात, तेरावा करतात, का आमच्यासारखं जलदान आणि पुण्यानुमोदन करतात? वाडीवरचा ठाकूर आदिवासी आला तर त्याची रीत निराळी. आडनावावरून ओळखायला जाऊ नये. एकच आडनाव शेतकऱ्यात असतं, आमच्या बौद्धांतही असतं. त्यांच्यात नावाआधी ‘कै.’ लागतं, आमच्यात ‘कालकथित’ लागतं. माझ्या बापाने धर्म बदलला तेव्हा जुन्या गोष्टी एकेक करून घराबाहेर ठेवल्या. त्यातली एक जरी कोणी मेल्यावर त्याच्या नावाला चिकटवली तरी घरच्यांना ती चपराक लागते. हे मला शाळेने शिकवलं नाही. पण एवढ्या वर्षांत एकाही मयताचं माझ्याकडून चुकलं नाही. माझं नाव पट्टीवर कधी आलं नाही, तरी दोन्ही तालुके मला ‘पट्टीवाले बाबा’ म्हणत.

मग केबल काढून टाकणारे वाढले. मालक म्हणाला, चॅनल आता ऑनलाइन. आपलं स्वतःचं ॲप. ज्याला खबर द्यायची तो घरबसल्या फॉर्म भरेल, लगेच फोटोसकट कार्ड तयार होईल आणि सगळ्यांच्या मोबाईलवर जाईल. फॉर्म मला दाखवला. मी दोनदा वर-खाली सरकवून बघितला.

“यात आमचं कुठाय?” मी विचारलं.

“तुमचं म्हणजे?”

“जलदान नाय यात. दशक्रिया हाय, तेरावं हाय, वर्षश्राद्ध हाय. आणि नावाच्या आधी आपोआप कै. लागतंय. खाली ॐ शांती येतंय.”

“बाबा, लोक समजून घेतात.”

“नाय घेत. मी बसलोय ना त्या खुर्चीवर, मला ठावं हाय.”

“कार्ड बनवणारा पुण्याला बसतो. एकेकासाठी त्याला बदलायला सांगायचं म्हणजे…”

“दोन ओळी हायत रं.”

“तुम्ही नका टेन्शन घेऊ. आता आराम करा.”

आराम कसला तो महिन्याभरात कळला. ॲपच्या उद्घाटनाला मला पुढे बोलावलं, शाल-नारळ दिला, हार घातला. हे सगळं लाइव्ह चाललं होतं. मालकाने माईक घेतला आणि म्हणाला, “हे आमचे बाबा. शिक्षण चौथी! चौथीवाल्या माणसाने एवढी वर्षं चॅनल ओढलं. आता जरा शिकलेल्यांच्या हातात देऊ या.” लोक हसले. मी पण हसलो, कारण गळ्यात हार होता. घरी सुनेने मोबाईलवर तेच दाखवलं. माझ्या तोंडावरून लाल बदाम उडत होते.

हार मी दाराबाहेर टाकला आणि मनात म्हटलं, थांब. एक दिवस तू माझ्या दारात येशील.

मी वाट बघत बसलो. खोटं कशाला लिहू, रोज सकाळी उठून त्याच्या ॲपवर चुका शोधायचो आणि सापडली की चहा गोड लागायचा. म्हाताऱ्याच्या निधनाखाली लोक अंगठे दाखवायचे. एकाने तर हसण्याचं तोंड टाकलं होतं. पण या चुका बारीक होत्या. मला मोठी हवी होती, आणि ती कोणत्या दाराने येणार हेही मला ठाऊक होतं. ते दार त्या फॉर्मातच उघडं होतं.

पाच महिन्यांनी खालापुरातल्या चौक गावावरून एकाचा फोन आला. त्याचा बाप जुन्या हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान चालवायचा. तो वारला होता. आमच्यातलंच घर.

“बाबा, पट्टी लावायची हाय. रविवारी दहाला जलदान, आमच्या विहारात.”

“आता मी नाय तिथं. मोबाईलवर फॉर्म भरायचा असतो.”

“भरायला घेतलाय. त्यात जलदान दिसत नाय ओ. काय भरू? तुमीच सांगा.”

इथे मी सांगू शकत होतो. त्याला म्हणू शकत होतो, थांब रं, फॉर्म भरू नको, मालकाला फोन कर आणि आधी बदलून घे. नाहीतर मीच मालकाला फोन करू शकत होतो. फोन माझ्या हातातच होता.

मी म्हटलं, “दिसंल ते भर.”

फॉर्म काही निवडल्याशिवाय पुढे जात नाही. त्याने पहिलं होतं ते निवडलं, त्यासोबत घाटाचं ठिकाण आपोआप लागलं, आणि ‘इतर माहिती’ होती तिथे सगळं नीट लिहिलं, जलदान विधी, विहार, चौक. ती इतर माहिती कार्डावर येतच नाही. कार्ड आलं ते असं: कै. अमुक अमुक, दशक्रिया विधी, उल्हास नदी घाट, कर्जत, रविवार सकाळी दहा. खाली समई आणि ॐ शांती. पोराने मालकाला फोन केला. मालक म्हणाला, नवीन कार्ड टाकतो. टाकलंही. पण पहिलं तोवर गावोगाव फिरलं होतं.

मी ते कार्ड बघितलं आणि मला आनंद झाला. परक्याच्या मरणावर आनंद झाला, हे लिहिताना हात अडत नाही असं नाही. पण झाला तो झाला.

रविवारी दुपारी एकच्या सुमाराला माझ्या दारात एक म्हातारी आली. पांढरं लुगडं, पायात चिखल सुकलेला. मयत माणसाची थोरली बहीण. शेलूला राहायची. वाडीच्या एका तुकड्यावरून भावाशी तिचं बोलणं बंद झालं होतं, किती वर्षं तेही तिला आठवत नव्हतं. त्यामुळे घरच्यांनी तिला कळवलंच नव्हतं. शेजारणीच्या मोबाईलवर कार्ड आलं, तिने वाचून दाखवलं. म्हातारीने राग गिळला आणि एकटी गाडीत बसून कर्जतला आली. नऊपासून घाटावर उभी. दोन निराळ्याच घरांचे दहावे तिच्यासमोर झाले. प्रत्येक घोळक्यात जाऊन ती तोंडं बघून आली. शेवटी घाटावरच्या कोणीतरी सांगितलं, पट्टी लिहिणारे बाबा पुलापलीकडे राहतात, त्यांना विचारा.

सुनेने पाणी दिलं. तिने तांब्या हातात धरला, प्यायली नाही.

“तूच लिवलंस ना रं? घाट म्हून?”

“मी नाय लिवलं. आता मी नसतो तिथं.”

“मंग कुणी?”

“मशीन लिवतंय.”

“मशीनला काय ठावं आमच्यात काय करतात! तुला तर ठावं हाय.” तिने मान हलवली. “मला वाटलं, पाण्याचा विधी, म्हून नदीवर ठेवला असंल. येडी मी.”

मी तिला चौकला रिक्षाने पाठवतो म्हणालो. ती म्हणाली, “आता काय? उठली असतील सगळी.” आणि खरंच उठली होती. मी फोन करून विचारलं. पंचशील होऊन, जेवणं होऊन पाहुणे निघाले होते.

तेव्हा मला काय झालं कोण जाणे. तिच्यापुढे नुसतं ‘मी नाही’ एवढ्यावर सुटणं मला जमेना. मी म्हणालो, “आक्का, मी लिवलं नाय. पर असं चुकणार हे मला ठावं हुतं. पोराने मला विचारलं हुतं. मी बोललो नाय.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग तांब्या खाली ठेवला.

“मंग तूच चुकून लिवलं असतंस तर बरं हुतं,” ती म्हणाली आणि उठली. सून स्टेशनापर्यंत सोडायला निघाली, तिला तिने हाताने मागे सारलं.

दुसऱ्या दिवशी चौकची आणि कर्जतची आमची पोरं माझ्याकडे आली. त्यांच्याही डोक्यात तेच, की पट्टी बाबांची. “बाबा, तुमच्या हातून असं? कै. लिवलंत?” या एका वाक्याने माझी बावीस वर्षं धुऊन गेली. मी म्हटलं, ऑफिसात जा, मालकाला विचारा फॉर्म कोणाचा. पोरं गेली आणि तिथेच जमिनीवर बसून राहिली. त्यांना मी अर्धंच सांगितलं. म्हातारीला सगळं सांगितलं होतं, त्यांना अर्धं.

चार वाजता मालक माझ्या दारात. हातात मिठाईचा खोका. ज्याची वाट बघत होतो ते हे.

“बाबा, पोरं उठत नाहीत. तुम्ही समजवा. तुमचं ऐकतील.”

“मी काय समजावणार? चौथी शिकलोय मी.”

त्याने खोका दुसऱ्या हातात घेतला.

“बसू का?” त्याने विचारलं.

“नको. उभाच बरा हायस.”

सून आतून बघत होती. खोका त्याने ओट्यावर ठेवला, मी तो बोटाने त्याच्याकडे सरकवला.

“फॉर्मात जलदान टाक. कालकथित टाक. ती समई काढ.”

“आजच सांगतो पुण्याला.”

“आणि चौकच्या विहारात येऊन माईकवर सांग, चूक तुझी हाय, बाबांची नाय. तिथं सांग की बाबांनी फॉर्म बघून आधीच सांगितलं हुतं, तू ऐकलं नायस.”

“ठीक आहे. येतो मी.”

“लाइव्ह.”

“काय?”

“माझा हार लाइव्ह दाखवलास ना? मंग हेबी दाखव. त्याच चॅनलवर.”

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण पोरं ऑफिसात बसली होती. कबूल झाला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी शेलूला गेलो. नवीन बिल्डिंगांच्या मागे म्हातारीचं जुनं कौलारू घर. म्हटलं, आक्का, उद्या मालक माफी मागणार हाय, तुमी चला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी कशाला येऊ? माझा भाऊ उद्या परत मरणार हाय का?”

मी तसाच परत आलो.

विहारात मालक उभा राहिला, कागदावरून वाचलं, घाम पुसला. चूक माझी, बाबांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मोबाईलवर त्याच्या तोंडावरून अंगठे उडत होते. पुढच्या रांगेतले म्हातारे माझ्याकडे वळून मान हलवत होते. माझं नाव धुऊन निघालं. मला गोड लागलं, अजूनही आठवलं की लागतं. त्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. विहाराच्या लोकांनी मला माईकवर बोलवलं. मी उठलो नाही. उठलो असतो तर राहिलेलं अर्धं सांगावं लागलं असतं.

मालकाने नंतर दोनदा निरोप पाठवला, घरी बसून कार्डं तपासून द्या. मी नाही म्हणालो. त्याच्या ऑफिसची पायरी मी चढणार नाही.

गेल्या महिन्यात एका शेतकरी घरातल्या दहाव्याचं कार्ड आलं. तारीख शनिवारची, वार रविवार. मी ते बघितलं, आणि त्या घरी फोन लावला.

“दहावा शनवारी का रव्वारी?”

“शनवारी, बाबा. का ओ?”

“कार्डावर वार चुकलाय. पावण्यांना एकेकाला फोन करा. लांब दिलेल्या लेकी-बहिणी असतील, त्यांना आधी. ज्यांच्याशी बोलत नसाल, त्यांनाबी करा.”

तो म्हणाला, “करतो. मालकाला तुमी सांगता का?”

“नाय. त्याला तुमी सांगा,” मी म्हटलं. “आणि गोड बोलू नका.”