एकविसावा सेकंद

ऑफिसात मी बारा वर्षं काढली, पण सांगण्यासारखे किस्से जेमतेम तीन. आणि ओसीडीच्या ग्रुपमध्ये फक्त सोळा आठवडे होते, तर सांगून संपत नाहीत! समीर, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "मला तेच तेच किती वेळा सांगशील? लिहून काढ." मग ग्रुपमधल्या मंडळींना विचारलं. नावं बदलायच्या अटीवर सगळे हो म्हणाले. हेंककाकांनी मात्र आणखी एक अट घातली, "मला थोडा उंच दाखव."

तर या उंचापुऱ्या हेंककाकांपासूनच सुरुवात करते.

*

सत्तरीचे रिटायर्ड पोस्टमन. इथल्या डच रीतीप्रमाणे सगळे त्यांना नुसतं 'हेंक' म्हणायचे. माझी जीभ काही वळेना, म्हणून मनातल्या मनात मी 'काका' जोडून टाकलं.

कोविडचं पहिलं वर्ष होतं. हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, मला या ग्रुपला पाठवलं होतं. खोलीत दीड-दीड मीटरवर जमिनीला टेपच्या फुल्या मारलेल्या, आणि प्रत्येक फुलीवर एक खुर्ची. हेंककाकांनी आपली खुर्ची अगदी फुलीच्या मध्यावर आणली. मग शेजारची. मग माझी, मी बसलेली असताना!

तेवढ्यात मार्लीन आली. ती आमची थेरपिस्ट, पन्नाशीची, पावसात सायकलवरून आलेली, केस निथळताहेत. तिने स्वतःची खुर्ची पायाने ढकलून मुद्दाम तिरकी केली आणि तिच्यावर बसली.

आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणून हसतात, तो हा आजार. डोक्यात एक भीती शिरते आणि ती शांत करायला माणूस तीच तीच गोष्ट करत राहतो. हेंककाकांना वाटायचं, एखादी वस्तू वाकडी राहिली तर आपल्या बायकोला, रियाला काहीतरी होईल. उपचार सांगायला एकदम सोपा. भीती मुद्दाम समोर आणायची, आणि ती शांत करणारी गोष्ट करायची नाही. भीती आपणहून उतरेपर्यंत थांबायचं.

काका चाळीस मिनिटं त्या तिरक्या खुर्चीकडे बघत राहिले. कपाळावरून घाम ओघळत होता, बोटं मांडीत रुतली होती. पण उठले नाहीत.

नुसतं बसून राहायला एखाद्याला इतके कष्ट पडलेले मी तोवर पाहिले नव्हते!

*

बार्ट शाळेत बायॉलॉजी शिकवायचा. त्याचं दुखणं हात धुण्याचं. आठ वर्षं तो ऐकत आला होता की इतके हात धुऊ नकोस, आणि आता अख्खा देश त्याला हात धुवा म्हणून सांगत होता. तो मार्लीनवर उखडला.

"आता वेडा कोण? मी की सरकार?"

"सरकारचा नियम पाळ," मार्लीन म्हणाली. "वीस सेकंद. एकविसावा सेकंद मात्र आजाराचा."

बार्ट उठला आणि कॉरिडॉरमधल्या बेसिनपाशी गेला. दार उघडंच होतं. मनात आम्ही सगळेच मोजत होतो. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. नळ बंद झाला.

तो परत आला तेव्हा दोन्ही हात हवेत अधांतरी. लालभडक, भेगाळलेले. किती तरी वेळाने त्याने ते गुडघ्यांवर टेकवले.

"नळ मी बंद केला," तो म्हणाला. "घरी बायको येऊन करते."

*

आता माझं. माझी भीती अशी, की सायकल चालवताना मी कोणाला तरी पाडलंय आणि मला ते कळलेलंच नाही. म्हणून मागे जाऊन बघायचं. मग परत पुढे, परत मागे. फोरबर्गच्या आमच्या घरून ऑफिस पंचवीस मिनिटांवर, मला दीड तास लागायचा. लॉकडाऊनमध्ये रस्ते ओस पडले, तेव्हा लोकांना वाटलं, माझी सुटका झाली. उलट झालं! गर्दीत कोणी पडलं तर निदान दुसरा कोणी उचलेल. रिकाम्या रस्त्यावर तो माणूस पडूनच राहणार ना?

मार्लीन एका सकाळी घरी आली. म्हणाली, "चल, कालव्याकाठून जाऊ. मागे बघायचं नाही."

तिथे एका झाडाच्या मुळांनी रस्ता उचलला गेलाय. चाक धाडकन उडालं.

"मूळ होतं ना ते?" मी ओरडले.

मागून येणाऱ्या मार्लीनला तर सगळं दिसलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "कान झाइन." डचमध्ये याचा अर्थ, असेलही.

"माणूस तर नव्हता ना?"

"कान झाइन."

त्या क्षणी मला तिलाच कालव्यात ढकलावंसं वाटलं! रडत रडत पेडल मारत राहिले. ऑफिसपाशी पोचले तेव्हा सायकल मागे वळवायची अनिवार इच्छा होत होती. मार्लीनने सायकल भिंतीला टेकवली, थर्मासमधली कॉफी ओतली आणि माझ्याबरोबर दीड मीटरवर उभी राहिली. पंचविसाव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं, आपण समोरच्या बदकांकडे बघतोय. नुसतं बघतोय.

*

हे 'कान झाइन' घरच्यांनीही म्हणायचं होतं. धीर द्यायचा नाही, कारण धीर मिळाला की माणूस पुन्हा तोच मागायला येतो. समीर आठवडाभरात शिकला. अडचण होती आईची.

आई साताऱ्याला. विमानं बंद, भेट नाही, आणि त्यात व्हिडिओ कॉलवर जावई सांगतोय की मुलीला धीर देऊ नका!

"अहो, मी आई आहे तिची," ती समीरला म्हणाली. "काही होत नाही गं, असं मी नाही म्हणायचं तर कोणी म्हणायचं?"

समीरने तासभर समजावलं.

पुढच्या रविवारी मला राहवलं नाही. सवयीने विचारून बसले, "आई, मी काल कोणाला पाडलं नसेल ना गं?"

पलीकडे इतकी शांतता, की मला वाटलं फोन कट झाला. मग आईचा आवाज आला, अगदी कोरडा.

"पाडलंही असशील. मला काय माहीत?"

आणि लगेच, "जेवलीस का?"

मागाहून समीरने सांगितलं, तिने त्यालाही फोन केला होता. खूप रडली. म्हणाली, "असलं औषध मला पुन्हा द्यायला सांगू नका." आणि त्यानंतर मी जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तेव्हा तिने ते दिलं. एकदाही चुकली नाही!

*

हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं आणि ग्रुप ऑनलाइन गेला. हेंककाकांच्या मागच्या भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो होता. मार्लीनचा गृहपाठ असा, की तो वाकडा ठेवायचा आणि सरळ करायचा नाही. काका रोज त्याच्याखाली बसून जेवत होते.

आणि रियाला कोविड झाला. तिची फुप्फुसं आधीपासूनच अधू. हॉस्पिटलात भेटायलाही सोडेनात.

त्या आठवड्यात काका स्क्रीनवर आले, दाढी न केलेले. आम्ही सगळे त्यांच्या मागच्या भिंतीकडेच बघत होतो. फोटो वाकडाच होता.

न राहवून बार्ट म्हणाला, "हेंक, आज कर सरळ. आम्ही तिकडे बघत नाही."

काकांनी मागे वळून फोटोकडे बघितलं. बराच वेळ.

"तिची फुप्फुसं या खिळ्याला टांगलेली नाहीत," ते म्हणाले. "मला वाटतं, टांगलेली आहेत. पण नाहीत."

आणि पुन्हा आमच्याकडे तोंड करून बसले.

तीन आठवड्यांनी रिया घरी आली. काका सांगत होते, कोट उतरवायच्या आधी तिने काय केलं माहितीये? "हे काय, किती वाकडं!" म्हणत फोटो सरळ केला.

"मग?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं.

"मग काय! तिला आधी खुर्चीत बसवलं. कॉफी दिली. आणि पुन्हा वाकडा केला."

*

अनूक आमच्यात शेवटी आली. तिचा मुलगा टैस आठ महिन्यांचा. काहीही धारदार दिसलं की तिच्या डोळ्यांसमोर यायचं, आपण हे टैसला खुपसतोय. मार्लीन म्हणायची, असलं काही करणं ज्यांना सर्वांत भयंकर वाटतं, त्यांनाच हा विचार छळतो. पण अनूकने घरातल्या सुऱ्या कुलपात ठेवल्या होत्या. बाळाची नखंसुद्धा नवराच कापायचा.

आधी ती बाळ दुसऱ्या खोलीत असताना सफरचंद कापायला शिकली. मग त्याच खोलीत. आणि एका मंगळवारी सकाळी तिने नवऱ्याला बाहेर फिरायला पाठवलं, टैसला मांडीवर घेतलं आणि लॅपटॉपसमोर बसली. हातात नखं कापायची कात्री.

आम्ही सगळ्यांनी आवाज बंद केले. पहिल्या नखाला अकरा मिनिटं लागली. तिचे ओठ पांढरे पडले होते. टैस तिच्या कानातल्या डुलाशी खेळत होता. दुसरं. तिसरं. चौथं. पाचवं. सहावं. सातवं.

आठव्याला तिचा स्क्रीन काळा झाला.

बार्ट उठून उभा राहिला. हेंककाकांनी डोळे मिटून घेतले. मार्लीनचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला. मध्येच थांबला. तिने तो परत मांडीवर ठेवला.

आम्ही चौघं आपापल्या चौकोनांत त्या काळ्या चौकोनाकडे बघत बसलो. नऊ मिनिटं.

मग अनूक परत आली, मोबाइलवरून. चित्र हलत होतं. "लॅपटॉपची बॅटरी गेली," ती म्हणाली. तिने टैसचे दोन्ही पंजे कॅमेऱ्यासमोर धरले. दहाच्या दहा नखं कापलेली.

शेवटी मार्लीनने विचारलं, "भीती वाटली?"

"अजूनही वाटतेय," अनूक म्हणाली. तिने इकडेतिकडे बघून कात्री उचलली. "बरं, मी फोन ठेवू का? पायांची राहिलीत."