नापासकाकांचा तळहात

गल्लीत कुणाला जुनी मोटरसायकल घ्यायची झाली की आधी नापासकाकांची पायरी चढावी लागे. सक्ती नव्हती. पण त्यांना न विचारता कुणी गाडी आणलीच, तर चोरीचा माल दारात लावल्यासारखे ते पुढे वर्षभर त्याच्याकडे बघत. त्यापेक्षा विचारून टाकलेलं बरं, असं लोक म्हणत.

काका एका गोदामाच्या फाटकावर येणारा माल तपासायला होते. फुटकं खोकं, ओलं पोतं, चेपलेला डबा दिसला की परत पाठवायचा, एवढंच काम. परत गेलेल्या मालाचा जाब त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. ही चैन त्यांना इतकी मानवली, की फाटकावरचा कारभार त्यांनी घरी आणला आणि बायको, मुलगी, शेजारी, चहा, हवा, पाणी सगळ्यांना लावला. 'नापास' हा त्यांचा लाडका शब्द. गल्लीने तोच त्यांना चिकटवला, आणि या गृहस्थांना तो चक्क मानाचा वाटला.

गाडी बघायला जाणं म्हणजे त्यांची मिरवणूकच. खांद्याला पिशवी, तिच्यात टॉर्च, एक फडकं आणि एक लोहचुंबक. विकणाऱ्याच्या दारात पोचले की नमस्कार नाही, चमत्कार नाही. सरळ गाडीपाशी जायचं आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा इंजिनावर तळहात ठेवायचा. इंजिन कोमट लागलं की संपलं.

"आम्ही यायच्या आधी चालू करून ठेवली होती ना? थंडगार असताना उठत नसणार ती. आम्ही काय दूधखुळे वाटलो?"

मग मागे वळून, सोबत आलेल्या बापड्याला शिकवण द्यायची. "माणसाचं तोंड काय, वाट्टेल ते बोलेल. इंजिनाला थाप मारता येत नाही. हात लावा, ते सगळं सांगतं."

इंजिन थंड निघालंच तर पुढचे सापळे तयार असत. टाकीवर चुंबक फिरवायचं. ते जिथून घसरेल तिथे पत्रा चेपलेला आणि खड्ड्यात लांबीचं लुकण भरलेलं. चौकटीवर ठोकलेला नंबर फडक्याने घासून कागदांशी ताडायचा. मीटरवरचा आकडा कोवळा आणि पायाखालचं रबर मात्र म्हाताऱ्याच्या दातांसारखं झिजलेलं, म्हणजे आकडा मागे फिरवलेला. मागचं चाक धरून आडवं हलवायचं, पुढच्या दांड्यांवर तेल पाझरतंय का बघायचं, सायलेन्सरमागे उकिडवं बसून धूर निळा येतो का ते न्याहाळायचं. निळा धूर म्हणजे इंजिन आतलं तेल पितंय. हे सगळं अगदी बरोबर होतं. चीड यायची ती त्याचीच. माणूस नुसता बाता मारणारा असता तर केव्हाच हसून सोडून देता आला असता.

लहानपणापासून त्यांच्या मागच्या सीटवर बसून हे तमाशे बघत आलेल्या मुलीच्या एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. बाबांनी आजवर एकही गाडी पास केली नव्हती. नापास केलेली गाडी कुणी घेत नाही, न घेतलेली गाडी बंद पडत नाही, आणि गाडी बंदच पडली नाही तर सल्ला देणाऱ्याच्या नावाने कोण बोटं मोडणार? साऱ्या कीर्तीचा पाया हा एवढाच. कोपऱ्यावरचा शिंपी त्यांच्या नादी लागून अजून सायकल रेटत होता, आणि आता त्याचे गुडघे बोलायला लागले होते. न्हाव्याने मात्र काकांनी नापास केलेलीच गाडी मुकाट्याने घरी आणली. ती रोज त्यांच्या नाकासमोरून जायची. कुणी दाखवलीच तर काका नाक मुरडत. "चालते हो. पण कशी चालते ते बघा." लोक बघत. ती आपली नीट चालत असे.

मुलीला नोकरी लागली ती रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत. भल्या सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, थंड पेटीत भरायचे आणि वेळेत आणून पोचवायचे. अट एकच, गाडी स्वतःची हवी. "सोमवारी गाडीसकट या. नाहीतर आम्ही दुसरीला बोलावू," असं तिथल्या बाईंनी गोड हसून सांगितलं होतं. शिक्षण संपल्यापासून घरी बसून टोमणे खाल्ल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी. टोमणे अर्थात बाबांचे. गाड्यांच्या रांगेत पोटच्या पोरीलाही त्यांनी केव्हाच नापास करून ठेवलं होतं.

त्यांची स्वतःची मोटरसायकल खाली जिन्यापाशी होती. ती मागण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्याचा हात लागला की क्लच बिघडतो, असं त्यांचं म्हणणं; मुलगी चालवायला शिकली तीही मैत्रिणीच्या गाडीवर. गाडीला कापडी झूल होती, चारी बाजूंनी नाड्या असलेली. झूल घालण्याचाही नियम होता: इंजिन पुरतं निवल्याशिवाय घालायची नाही, कापड सायलेन्सरला चिकटतं. बायकोला कधी इतक्या नाजूक हातांनी पांघरूण घातल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"बाबांना दाखवल्याशिवाय गाडी घेऊ नकोस गं," साठवलेले पैसे हातात देत आई म्हणाली. आईला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. नवऱ्याची जन्मभराची भुणभुण मात्र पुरती कळत होती.

पहिली गाडी शिकवणी घेणाऱ्या एका मास्तरांची. काकांनी हात ठेवला, इंजिन गरम.

"अहो, आत्ताच आईला दवाखान्यातून घेऊन आलो," मास्तर म्हणाले.

"बरोबर. गिऱ्हाईक यायच्या वेळीच सगळ्यांच्या आया आजारी पडतात."

आतल्या खोलीतून म्हातारीचा खोकला ऐकू आला. मुलीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काका मात्र खोकलासुद्धा नापास केल्याच्या थाटात बाहेर पडले.

दुसरी गाडी थंड होती. पहिल्या किकला उठली. धूर नाही, चुंबक घसरेना, नंबर जुळला, चाक हलेना. काकांनी तिच्याभोवती इतक्या चकरा मारल्या की मालक बिचारा खुर्ची घेऊन आला. शेवटी काका म्हणाले, "मालकाला विकायची फार घाई दिसतेय. दाल में कुछ काला. नापास."

"बाबा, गाडीत काय वाईट आहे?" रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं.

"तेच तर. काहीच वाईट नाही, म्हणजे लपवलंय."

आता उरली शनिवारची, औषधाच्या दुकानातल्या माणसाची गाडी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी मुलीला प्रयोगशाळेत सुई टोचायचा सराव होता, आणि आई बहिणीकडे गेली होती. "मी बघून येतो. तू ये निवांत," काका म्हणाले. सकाळी निघताना तिने दोनदा बजावलं, "बाबा, ही शेवटची. ही गेली तर नोकरी गेली." त्यांनी हात झटकला.

संध्याकाळी ती जिने चढून धापा टाकत घरात आली, तर काका खुर्चीत रेलून बसलेले, समोर हेल्मेट, गळ्यात रुमाल.

"हा आत्ता टेकतोय. हेल्मेट काढून घोटभर पाणीसुद्धा प्यालो नाही."

"कशी आहे?"

"अगं, भंगार! थंड होती, मान्य. पण चालू केली तर सायलेन्सरमधून निळ्या धुराचे लोट. पुढच्या दांड्यांवर तेलाचे ओघळ. चौकट वाकडी. मी स्पष्ट सांगितलं त्याला, असली गाडी माझ्या मुलीला विकतोस?"

सोमवारी कुणीतरी दुसरी मुलगी आपल्या गाडीला पेटी बांधणार, आणि ही पुन्हा घरात भांड्यांचा आवाज करत बसणार. तिथे थांबलं तर रडू फुटेल आणि बाबा तेही तपासतील, एवढं कळून ती तशीच जिना उतरून खाली आली.

समोर बाबांची मोटरसायकल. तिला लाथ घालावीशी वाटली. पाय उचललाही होता. तेवढ्यात तिला झुलीच्या नाड्या दिसल्या. चारी बांधलेल्या, व्यवस्थित, फासा मारून.

आत्ता टेकले, म्हणाले होते ना?

तिने एक नाडी सोडली, झूल वर सारली आणि इंजिनावर तळहात ठेवला. पहाटेच्या दगडी ओट्यासारखं गार. तिने सायलेन्सरला हात लावला. तोही गार. सकाळपासून ही गाडी जागची हलली नव्हती.

"काय करतेस गं तिथे?" वरून गॅलरीतून काकांचा आवाज आला.

तिने मान वर केली. हात काढला नाही.

"ताप बघतेय."

काका गॅलरीतून दिसेनासे झाले. दुकान बंद करून सायकल ढकलत चाललेला शिंपी तिच्यापाशी थांबला. "काका गेले का वर? दुपारभर माझ्याकडेच होते. हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. म्हटलं, काका, हे काय नवीन? तर म्हणाले, ऊन उतरलं की जाईन."

ती वर गेली तेव्हा काकांनी नवा पवित्रा घेतला होता. "त्या औषधवाल्याने फोटो पाठवला होता ना? माझ्यासारख्याला फोटोवरून कळतं. उगाच तिथवर जाऊन पेट्रोल जाळायचं!"

"आणि धूर? निळा धूर फोटोत दिसला?"

काका समोरचं हेल्मेट रुमालाने पुसायला लागले. हा माणूस घाबरट आहे, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. गाडी चांगली निघाली असती तर 'घे' म्हणावं लागलं असतं, आणि 'घे' म्हटलं की पुढच्या प्रत्येक बिघाडाचा ठपका जन्मभर आपल्याला चिकटणार. तेवढं टाळायला त्यांनी मुलीच्या पोटावर पाय दिला होता. तिला कीव यायला हवी होती. आली ती शिसारी. उठून तिने खुंटीवरची पिशवी काढली, आत टॉर्च, फडकं आणि चुंबक आहे ना ते पाहिलं आणि आपल्या उशाशी नेऊन ठेवली. आई परत आली तेव्हा तिने सगळं ऐकलं, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तू जा. दाखवून झालं आता."

रविवारी सकाळी ती बसने शहराच्या त्या टोकाला गेली. औषधाच्या दुकानातल्या माणसाने गाडी बाहेर काढून ठेवली होती. तिने नमस्कार केला, मगच हात ठेवला. थंड. किक मारली, पहिल्याला नाही, दुसऱ्याला उठली. धूर येतो का ते बघत ती बराच वेळ उकिडवी बसली. नव्हता. टाकीला एका जागी चुंबक घसरलं. "इथे पडली होती का?"

"हो. उभी असताना पोराने पाडली. लांबी भरली, तरी पोचा दिसतोच," तो ओशाळून म्हणाला.

तिने हँडल दोन्ही टोकांना वळवून बघितलं, चाक हलवलं, नंबर घासून कागदांशी ताडला. गल्लीत एक फेरी मारली, सरळ रस्त्यावर हँडल किंचित सैल सोडलं. गाडी कुठे ओढत नव्हती. साखळी मात्र लोंबत होती आणि मागचा टायर गुळगुळीत. वडिलांनी शिकवलेलं एकूण एक बघून झालं. मग ती बाजूला उभी राहून विचार करत राहिली, कारण इथून पुढचं त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं. साखळी बदलता येते. टायर बदलता येतो. टाकीचा पोचा तर नमुने घेऊन जाताना आडवा येणार नाही. उद्या ही रस्त्यात बंद पडली तर दोष कुणाचा, तर आपला.

"घेते," ती म्हणाली.

दुपारी गल्लीत गाडीचा आवाज आला तसा शिंपी दुकानाच्या दारात आला, न्हावी हातातला वस्तरा घेऊन आला. आई गॅलरीत. काका खाली उतरले, हात पाठीमागे बांधून. गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीचा पोचा बघितला, लोंबणारी साखळी बघितली, आणि ओठ मुडपले. सगळ्यांना ठाऊक होतं आता कुठला शब्द येणार. मग सवयीने त्यांचा हात पुढे झाला, इंजिनावर टेकला आणि चटका बसल्याबरोबर झटकन मागे आला.

"गरम आहे," ते म्हणाले.

"असणारच," मुलगी म्हणाली. "मी जाऊन आलेय."