होडीच्या नाकावर ट्रॅक्टरची वजनं

होडीत थुंकणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माणसं रस्त्यावर थुंकतात, एसटीच्या खिडकीतून थुंकतात, तहसीलच्या जिन्यात थुंकतात, हे आपण बघत आलोय. पण चारी बाजूंना धरणाचं पाणी असताना हा गडी मान खाली घालून होडीच्या आत, नेमक्या मासे ठेवायच्या खणात पिचकारी मारतो! मी फडकं घेऊन पुसायला गेलो तर म्हणाला, "मासेच ठिवायचेत ना बे, त्यास्नी काय कळतंय?" तो माझ्या चुलत भावाचा कार्यकर्ता होता. होडी माझी होती.

आमचं गाव माजलगाव धरणाच्या फुगवट्याला. बाजाराला दिंद्रुड गाठावं लागतं. घरात पूर्वीपासून मेंढरं. चरायच्या जागा गेल्या, मग मेंढरंही गेली, आणि गावातल्या निम्म्या घरांसारखा आमच्याही हातात कोयता आला. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि नवरा-बायकोची जोडी ऊस तोडायला निघायची. आमच्याकडे जोडीलाच एक कोयता म्हणतात. एकटं कुणी आलं तर तो अर्धा कोयता. मुकादम दुसरातिसरा कोणी नव्हता, हाच माझा थोरला चुलत भाऊ. मी त्याला दादा म्हणतो. त्याच्याकडे दोन ट्रॅक्टर, दारात पांढरी गाडी, आणि पंचायत समितीच्या तिकिटाची आस.

गेल्या उन्हाळ्यात उसाच्या फडावरून परत आल्यावर माझ्या बायकोला आठवडाभर सरळ उभं राहता आलं नाही. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं म्हणजे कंबर दुसऱ्याची थोडीच असते. चुलीपुढं वाकलेलीच ती म्हणाली, "यंदा फडात न्हाई जायाचं. काय बी करा." तिनं यापूर्वी असं कधी म्हटलं नव्हतं. म्हणून मी मासेमारीचं डोक्यात घेतलं. दिवाळीपर्यंत धरणावर पोट भरायला लागलं तर ट्रक आमच्या दारावरून रिकामा पुढं जाणार होता, नाहीतर पुन्हा फड होताच.

धरणावर मासे धरणारे बहुतेक थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जातात. ते लहानपणापासून पाण्यातले आहेत. मी मेंढक्या, मला तसं बसता यायचं नाही. एका बंद पडलेल्या बोट क्लबात फायबरची लहान होडी धूळ खात पडली होती, ती मी आणली. मच्छीमार सोसायटीनंही मला घेतलं. जाळं बायकोनं तयार केलं. नायलॉनचं जाळं बाजारात मिळतं, पण ते नुसतं कापडाचं ठाण. त्याला वरच्या दोरीत तरंगते आणि खालच्या दोरीत शिसं बांधावं लागतं, तेव्हा ते पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. भोयांच्या वस्तीवरच्या एका बाईकडून तिनं ते शिकून घेतलं आणि पावसाळाभर कंबरेला उशी लावून गाठी मारत बसली. तिच्या गाठी मी ओढून पाहिल्या, एकही सरकली नाही.

राहिलं इंजिन. वल्ही मारत मारत धरणाच्या पलीकडच्या काठाला जाऊन परत येईपर्यंत मासे पोटं वर करणार. हे दादाच्या कानावर गेलं आणि तो स्वतः घरी आला. "होडी तुझी, इंजिन माझं," म्हणाला. "भावाभावात कसला हिशेब?" मागच्या फळीला अडकवायचं पेट्रोलचं छोटं इंजिन त्यानं कुठूनतरी आणलं. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पायाच पडलो. आता ते आठवलं की मान खाली जाते.

होडीत मला काय हवं होतं? बसायला एक आडवी फळी, जाळ्याला धारदार कडा लागू नये म्हणून काठावर चिरलेला रबरी पाइप, मासे ठेवायला बर्फाचा खण, आणि वल्ह्यांसाठी दोन कड्या. एवढं मी दोन दिवसांत केलं. तिसऱ्या दिवशी दादा वेल्डर घेऊन आला.

आमच्याकडे नवा ट्रॅक्टर आला की त्याला आधी सजवतात, मग शेतात घालतात. पुढं चकचकीत पाइपाचा गार्ड, वर छत, छताला झालर, भोंगे, रंगीत दिवे, काचेवर देवाचं आणि नेत्याचं चित्र. ज्याचा आवाज दोन गावं ओलांडतो तो भारी ट्रॅक्टर. दादाला होडी म्हणजे पाण्यातला ट्रॅक्टरच वाटला. पुढं गार्ड बसला. चार पाइपांवर छत बसलं. मागं मोठी बॅटरी आली आणि तिच्यावर स्पीकरचं खोकं. "मासे पळतील," मी म्हणालो. कार्यकर्ते हसले. एकानं लगेच गाणं लावून बघितलं, काठावरचे बगळे उठून गेले.

आणि मग खुर्ची आली. सरकारी कचेरीत साहेबाची असते तसली, गोल फिरणारी, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. माझा बर्फाचा खण निम्मा उचकटून ती खुर्ची बोल्टनं ठोकली. "ही कुणाला?" मी विचारलं. दादा म्हणाला, "आपल्या साहेबांला. होडीचं लोकार्पण त्यांच्याच हातनं करायचंय." साहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी, तिकीट ज्यांच्या खिशात असतं ते. माझ्या होडीचं लोकार्पण! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, इथं तर नागोबाच्या आधी त्याचं सिंहासन आलं. मला त्या टॉवेलाची जेवढी किळस आली तेवढी थुंकीचीही आली नव्हती. थुंकी पुसता तरी येते.

पुढचे काही दिवस होडी त्यांच्याच ताब्यात होती. संध्याकाळी फिरून यायचे. सकाळी मी गेलो की तळात पाणी, त्यात गुटख्याच्या पुड्या, कोंबडीची हाडं, बाटल्या, आणि सगळ्यावर पेट्रोलचा तवंग. एकदा तर कुणीतरी ओकलेलं होतं. मी धुवायचो. बायको काठावर बसून जाळ्याच्या गाठी तपासायची. दिवाळी जवळ येत होती, आणि त्या होडीतून आम्ही एक चिलापी मासासुद्धा धरला नव्हता.

एवढं सगळं मागं लादल्यावर व्हायचं ते झालं. इंजिन जोरात केलं की होडीचं नाक आभाळाकडं जायचं. मी दादाला सांगितलं, "मागचं खोकं काढ, बॅटरी मधी घे, दोन माणसं पुढं बसव. बसंल ती." दादा माझ्याकडं बघून हसला. "तू मेंढरं राखलीस. मशीन मला कळती. ट्रॅक्टरचं तोंड उचलल्यावर काय करत्यात?"

ट्रॅक्टरचं तोंड उचललं तर पुढं वजनं लावतात, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. जड ट्रॉली ओढताना पुढची चाकं उचलू नयेत म्हणून नाकाशी लोखंडी वजनं अडकवतात. दादानं ट्रॅक्टरची ती वजनं काढली आणि होडीच्या गार्डला टांगली, एकापुढं एक. असा उंटावरचा शहाणा मी दुसरा पाहिला नाही. मी म्हणालो, "दादा, ट्रॅक्टरखाली जमीन असती. हितं खाली काय हाय?" "कावून सारखा अपशकुन करतोस?" तो चिडला. होडीत बसून त्यानं एक फेरी मारली. नाक खरंच वर आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाण्यापासून होडीचा पुढचा काठ किती वर उरलाय, ते कुणी बघितलंच नाही. मी बघितलं. वीतभर होता.

लोकार्पणाच्या सकाळी काठावर मंडप होता. वजनांना हळदकुंकू लावलं, हार घातला, त्यांच्यावरच नारळ फोडला. पूजा झालेली होडी म्हणून साहेबांनी बूट काढले, आणि ते दादानं घाईघाईनं उचलून दोन्ही हातांत धरले. दुसऱ्या कुणाला धरू दिले नाहीत, ते घेऊनच तो होडीत चढला. इंजिनाशी तो पान-गुटख्यावाला कार्यकर्ता बसला. मग दादाला आठवलं की फोटोत मासेमारी दिसली पाहिजे. "जाळं आण," म्हणाला. मी म्हणालो, "जाळं ऱ्हाऊ द्या दादा, गर्दीत फाटंल." त्यानं ऐकलं नाही. बायकोच्या पुढ्यातून जाळं उचलून साहेबांच्या मांडीवर ठेवलं. सत्काराची शाल असावी तसं साहेबांनी ते पसरून घेतलं. टाकायचं कसं, धरायचं कसं, काही विचारलं नाही. मी चढायला गेलो तर जागा नव्हती. माझ्या होडीत मला जागा नव्हती! मी गार्डला धरून गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आणि ती माझ्या हातातून सुटून गेली.

एक चक्कर नीट झाली. गाणं वाजत होतं. परत येताना काठावरचा मोबाइलवाला ओरडला, "हळू घ्या, हळू घ्या, साहेब फोटूत नीट येईनात!" त्या इंजिनवाल्यानं एकदम इंजिन बंद केलं. होडी थबकली, मागून तिचीच लाट आली, आणि नाक खाली गेलं ते गेलंच. पुढच्या काठावरून पाणी आत आलं. मग छत कलंडलं, खोक्यातलं गाणं बुडबुडत बंद पडलं, आणि सगळी माणसं पाण्यात.

पाणी छातीएवढं होतं. खाली गाळ. बुडण्यासारखं काही नव्हतं, सगळे पाय टेकून उभे होते. मी पळत आत गेलो. साहेबांच्या पायात जाळं अडकलं होतं आणि ते पाय झाडत होते. जेवढे झाडत तेवढं गुंतत होतं. मी ओरडलो, "साहेब, पाय हलवू नका! नुसता वर घ्या, मी सोडवतो!" मासे सोडवतो तसं ते सुटलं असतं. एक-दोन फासे मागं ढकलायचे, बस.

दादा माझ्याआधी तिथं होता. दोन्ही हात डोक्यावर, हातांत साहेबांचे बूट. ते त्यानं पाण्याला लागू दिले नव्हते. "काप बे!" तो कार्यकर्त्यावर ओरडला. "बघतोस काय, जाळं काप!" कार्यकर्त्यानं खिशातून चाकू काढला आणि सपासप चालवला. वरची दोरी तुटली, तरंगते सुटून चौफेर गेले, शिसं गाळात बसलं. शेळी जाते जिवानिशी. साहेब मोकळे झाले, तोंड पुसलं, आणि म्हणाले, "फोन कुणाकडं हाय?"

आणि दादा त्यांच्यापुढं वाकून, छातीएवढ्या पाण्यात, बूट तसेच वर धरून म्हणाला, "साहेब, माफी असावी. होडी आमच्या भावाची हाय. जुनाट माल आणला त्यानं, मी सांगत होतो." हा माणूस लहानपणी माझ्याबरोबर मेंढरांमागं हिंडलाय, एका घोंगडीत झोपलाय. त्याच्याबद्दल मला राग नाही आला, नुसती शिसारी आली.

साहेबांना काठावर नेलं, गाडी गेली. मग दादा माझ्याकडं वळला. आवाज मऊ करून म्हणाला, "जाऊ दे. मनाला लावून घेऊ नगं. ऊसतोडीच्या टोळीत तुमा दोघांची जागा हायच. मी दुसऱ्याला दिली न्हाई अजून." तो मनापासून म्हणाला, हेच सगळ्यात घाण होतं.

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. बायको नेसल्या लुगड्यानिशी पाण्यात उतरली होती आणि जाळ्याचे तुकडे गोळा करून खांद्यावर टाकत होती. लग्न झाल्यापासून थोरल्या दिराच्या समोर ती डोक्यावरचा पदर सावरून बाजूला व्हायची. त्याच्याशी एक शब्द बोललेली मी ऐकली नव्हती. आता पदर पाण्यात तरंगत होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "अर्धा कोयता धरा. हे येतील. मी न्हाई येणार."

दादा हसायला गेला. "आन् तू काय करशील?"

"जाळं शिवीन. इंजिन तुमचं हाय, घिऊन जावा. ती लोखंडं बी न्या. होडी ऱ्हाऊ द्या." मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुमी वल्ही हुडका."

मला आधी तिचाच राग आला, की मला न विचारता मला फडात पाठवून मोकळी झाली. पण तिच्या खांद्यावरचं ते लोंबतं जाळं बघितलं आणि मी वल्ही शोधायला वळलो. एक लगेच सापडलं, दुसरं बऱ्याच वेळानं खाली गवतात अडकलेलं मिळालं.

दिवाळी झाली आणि ट्रक दारात आला तेव्हा मी एकटाच चढलो. निरोप द्यायला ती घरी नव्हती. पहाटेच वल्ही घेऊन जाळं काढायला पाण्यावर गेली होती.