साडूचं टायटॅनियम, माझं स्टील

डॉक्टरांनी एक्स-रे स्क्रीनवर मोठा केला. मग त्यांनी पेनाच्या टोकाने माझ्या डाव्या नडगीच्या मधोमध एक काळी रेघ दाखवली. “पाच महिने होत आले. ही रेघ आता पुसट व्हायला हवी होती. हाड जुळलेलं नाही.”

त्यांनी दिलेलं नाव होतं ‘डिलेड युनियन’. म्हणजे मोडलेलं हाड जितक्या वेळात जुळायला हवं तितक्या वेळात जुळत नाहीये. असंच राहिलं तर त्यापुढची अवस्था ‘नॉन-युनियन’. तिथे हाड जुळण्याचा प्रयत्नच सोडून देतं. मग मोठं ऑपरेशन: आतला रॉड काढायचा, जाड घालायचा, कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून फटीत भरायचं आणि सगळं पहिल्यापासून सुरू करायचं.

हे ऐकताना माझ्या मनात पहिला विचार कोणता आला ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, निखिलचं जुळलं आणि माझं नाही.

निखिल माझा साडू. माझी बायको सुनंदा, तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळ पुण्याचा, आयटीत नोकरी, राहायला बेंगळुरूच्या सर्जापूर रोडला. त्याचीही डावी नडगी त्याच दिवशी, त्याच स्कूटरवरून पडून मोडली होती. ऑपरेशनही याच डॉक्टरांनी केलं होतं. आणि स्कूटर मी चालवत होतो.

माझ्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न शहराबाहेर आनेकलला होतं. निखिल त्या दिवशी सहज आमच्याकडे आला होता. एकट्याने जायचा कंटाळा म्हणून मी त्याला ओढून नेलं. तो म्हणाला, “दादा, कार काढू या ना.” मी म्हटलं, “कारने गेलो तर ट्रॅफिकमध्ये अडकू आणि जेवणाची पंगत उठेल.” परत येताना एका वळणावर खडी पसरली होती. चाक घसरलं, स्कूटर डावीकडे आडवी झाली आणि आम्हा दोघांचे पाय तिच्याखाली आले. रस्त्यावर पडल्या पडल्या तो मला विचारत होता, “दादा, तुम्हाला लागलं नाही ना?”

त्या प्रश्नाचं ओझं मी पुढे कित्येक महिने वाहिलं.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझी चूक तिथूनच आली. मी निपाणीकडचा. नोकरीसाठी बेंगळुरूला आलो तो इथलाच झालो. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे एका कारखान्याची टेस्टिंग लॅब सांभाळतो. गाड्यांचे सुटे भाग यंत्रात घालून ते मोडेपर्यंत वाकवायचे, हा आमचा धंदा. कुठला धातू किती ताण सोसतो हे मला हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्याही आठवत होतं.

मोडलेल्या नडगीत हल्ली ‘इंटरलॉकिंग नेल’ घालतात. नाव खिळ्याचं असलं तरी ती लांब सळईच असते, सगळे तिला रॉडच म्हणतात. हाडाच्या पोकळीत वरून खाली घालतात आणि वर-खाली आडवे स्क्रू मारून पक्की करतात. डॉक्टर म्हणाले, “स्टेनलेस स्टीलचा मिळतो, टायटॅनियमचाही मिळतो. दोन्ही चांगले आहेत.”

मी लगेच सुरू झालो. कुठल्याही धातूचा ताठपणा ‘यंग्ज मॉड्युलस’ने मोजतात. तो जितका जास्त तितका धातू कमी वाकतो. स्टीलचा ताठपणा टायटॅनियमच्या जवळपास दुप्पट आणि हाडाच्या साधारण दहापट. मी डॉक्टरांना म्हटलं, “मला स्टील घाला. वाकणारी वस्तू मला नको.” शेजारच्या खाटेवरच्या निखिललाही मी तेच घे म्हणून सांगितलं.

निखिल म्हणाला, “दादा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. डॉक्टर, तुम्ही तुमच्या भावाला जो घालाल तो घाला.”

डॉक्टर हसले. निखिलच्या पायात टायटॅनियम गेलं.

ऑपरेशननंतर काही दिवसांतच आम्हा दोघांना वॉकर घेऊन पायावर थोडा थोडा भार टाकायला सांगितलं. फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची. एका बाजूने माझा दंड धरून म्हणायची, “सर, स्वल्प भार हाकी,” म्हणजे थोडा भार टाका. मी पाऊल जमिनीला नुसतं टेकवायचो. ती गेली की तेही नाही.

दुखत होतं म्हणून नाही. माझ्या डोक्यात ‘फटीग’ होता. फटीग म्हणजे धातूचा थकवा. पत्र्याची पट्टी हाताने पुढे-मागे वाकवत राहिलं की एका क्षणी ती तुटते, तोच प्रकार. एका वाकण्याने काही होत नाही, पण प्रत्येक वाकणं आयुष्यातून वजा होतं. मी हिशेब मांडला की माझं प्रत्येक पाऊल म्हणजे रॉडचं एक वाकणं. हाड जुळेपर्यंत पावलं वाचवली तर रॉड ताजा राहील. शिकल्यासवरलेल्या माणसाला साजेसा विचार होता. मला त्याचा अभिमानही वाटत होता.

सुनंदा शाळेत शिकवते. ती सकाळी गेली की मी पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर एवढाच प्रवास करायचो, तोही डावा पाय अधांतरी ठेवून. संध्याकाळी ती विचारायची, “चाललात का आज?” मी म्हणायचो, “दोनदा हॉलभर.” फिजिओला सांगितलं, आता माझं मी करतो. डॉक्टरांनाही तेच सांगितलं.

इकडे निखिल कुटुंबाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकत होता. आधी वॉकरवर, मग काठीवर, मग सोसायटीच्या बागेत काठी हवेत फिरवत. खाली सासूबाईंचे आशीर्वाद, मेहुणीची हृदयं, सुनंदाचे अंगठे. मीही अंगठा द्यायचो. देताना पोटात आग व्हायची.

ही आग नीट सांगतो, कारण आजारपणात ती अनेकांना होत असणार आणि कुणी बोलत नाही. ज्या माणसाचा पाय मी मोडला, तो बरा होतोय याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी रोज देवापुढे त्याच्यासाठी हात जोडायचो, आणि त्याच देवाला मनातल्या मनात विचारायचो, याला एवढी घाई कसली? त्याने मला एकदाही दोष दिला नाही, याचाही मला हेवा वाटायचा. बरा पाय त्याच्याकडे आणि मोठं मनही त्याच्याकडेच. मी त्याचं सगळं श्रेय टायटॅनियमला देऊन टाकलं. टायटॅनियम कमी ताठ, हाडाच्या जास्त जवळचं, म्हणून त्याचं जुळतंय. माझं स्टील आडमुठं, म्हणून माझं अडलंय. स्टील मीच मागितलं होतं, हे मात्र मी सोयीने विसरायचो.

एकदा सुनंदा वैतागून म्हणाली, “अहो, त्याचे व्हिडिओ चार चार वेळा बघता. त्यातलं एखादं पाऊल तरी उचला.”

तर त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत मी हेच मांडलं. “डॉक्टर, मला टायटॅनियम घालायला हवं होतं.”

डॉक्टर धारवाडकडचे, आमचं बोलणं कन्नडमध्ये चालतं. ते सुनंदाला म्हणाले, “अक्का, यांच्या दोन्ही चपला काढून उलट्या करून टेबलावर ठेवा.”

सुनंदाने ठेवल्या. ऑपरेशननंतर घेतलेला जोड होता. उजव्या चपलेचा तळ टाचेशी गुळगुळीत झाला होता. डावीवरच्या खाचा दुकानात होत्या तशाच होत्या.

“तुम्ही टेस्टिंगवाले,” डॉक्टर म्हणाले. “मला सांगा, ही चप्पल किती चालली आहे?”

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. मी फटीगचं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमचं गणित धातूपुरतं बरोबर आहे. रॉड थकतो. ही एक शर्यतच असते, हाड आधी जुळतं की रॉड आधी तुटतो. पण तुम्ही रॉडला वाचवायला गेलात आणि हाडाला बसवून ठेवलंत. तुमच्या लॅबमध्ये असा माल येतो का, जो दाबला की वाढतो?”

“नाही.”

“हाड तसं आहे. भार पडला की फटीभोवती नवं हाड धरतं, त्याला कॅलस म्हणतात. भार नाही पडला तर त्याला वाटतं, आपली गरज नाही. सगळा भार धातूनेच घेतला तर हाड उलट कमजोर होतं. तुमच्या साडूचं हाड टायटॅनियमने जुळवलं नाही. तो सांगितल्यासारखा चालला. स्टीलवाले पण चालले की त्यांचं जुळतं, रोज बघतो मी.”

घरी येताना रिक्षात सुनंदा एकच वाक्य बोलली. “मला रोज हॉलभर चालवलंत तुम्ही.”

उपाय निघाला तो मला उलटाच वाटला. त्याचं नाव ‘डायनॅमायझेशन’. रॉडच्या एका टोकाचे आडवे स्क्रू काढून टाकायचे. मग हाड रॉडवर किंचित सरकू शकतं आणि पाऊल टाकलं की मोडलेली दोन टोकं एकमेकांवर दाबली जातात. मला आणखी धातू हवा होता आणि डॉक्टर होता तोच कमी करत होते. ते लहानसं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी आलो. डॉक्टरांनी बजावलं, “आता पूर्ण भार. ही संधी घालवलीत तर पुढे कमरेचं हाड काढावं लागेल.”

आणि मला पाय टाकता येईना. पाच महिने ज्या पायाला हवेत ठेवलं, तो खाली ठेवताना मला लॅबमधला तुकडे होण्याचा आवाज ऐकू यायचा. आता तर स्क्रूही काढलेले. सुनंदा हात पुढे करायची, मी वॉकरला चिकटून उभा.

तिनेच निखिलला बोलावलं असणार. शनिवारी तो आला. काठी नाही, थोडा लंगडत. माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, “वॉकर सोडा. खांद्यावर हात ठेवा. मी पण डाव्या पायाचाच आहे, एकदम टाकू.”

मी हात ठेवला आणि पाय टाकायच्या आधी बोलून गेलो. म्हटलं, “निखिल, तुझे व्हिडिओ बघून मी जळायचो. तुझा पाय मी मोडला आणि वर तुझाच हेवा केला.”

 “माहीत होतं,” तो म्हणाला. “तुम्ही बघता म्हणूनच टाकायचो.”

मी त्याच्याकडे बघितलं.

“दादा, मी देव नाही हो. कार काढू म्हणत होतो मी. पंगतीसाठी पाय मोडला माझा. सगळे म्हणायचे, निखिल किती समजूतदार, एका शब्दाने बोलला नाही. मग बोलायची पंचाईत झाली. म्हटलं, चालून दाखवू, बसा बघत. काठी फिरवायचा व्हिडिओ तर खास तुमच्यासाठी होता.”

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. सुनंदा ऐकत होती.

मला राग यायला हवा होता. आलं ते हसू. किती तरी महिन्यांनी छाती मोकळी झाली. त्याचा राग कळला तेव्हा त्याच्यापुढे उभं राहणं मला सोपं झालं. “खडी मला दिसली होती,” मी म्हणालो. “वेग कमी करायला हवा होता.”

“सरी,” तो म्हणाला. बरं, ठीक आहे, या अर्थाने. बेंगळुरूत राहून त्याने उचललेला शब्द. “आता पाय टाका. सगळं वजन. माझ्यावर नाही, खाली.”

मी टाकला. नडगीत कळ गेली. काहीही तुटलं नाही.

त्यानंतर तो शक्य तेव्हा येत राहिला. येणं जमलं नाही तर फोन लावून ठेवायचा आणि दोघं आपापल्या घरी चालायचो. तो माझी टिंगल करायचा, “डावी चप्पल झिजली का, दाखवा कॅमेऱ्यात.” मी दाखवायचो.

पुढच्या एक्स-रेला तो बरोबर आला होता. स्क्रीनवर चित्र येताच माझ्या आधी तोच पुढे वाकला. रेघेच्या दोन्ही बाजूंना ढगासारखं पांढरं काही धरलं होतं. तो म्हणाला, “आलं, दादा. आलं.”  डॉक्टर म्हणाले, “हाच कॅलस. आता थांबू नका.” कमरेचं हाड काढायची वेळ आली नाही. त्यानंतरच्या एक्स-रेत ती काळी रेघ शोधावी लागत होती.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या हाडात असा धातू बसवला असेल तर माझं एवढं ऐका. धातू कुठला, हे डॉक्टरांशी जरूर बोला, पण नंतर त्याची राखण करत बसू नका. तो टेकू आहे. किती भार टाकायचा, कधी टाकायचा, ते डॉक्टर सांगतील तेवढंच आणि तेव्हाच करा. कुणाला शांत बसायला सांगितलं असेल तर त्याने बसावं. फक्त विचारतील तेव्हा खरं सांगा. आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस लवकर बरा होत असेल आणि तुम्हाला आग होत असेल, तर होऊ द्या, पण ते कुणापाशी तरी बोला. डॉक्टरांचे, सुनंदाचे आणि निखिलचे माझ्यावर उपकार आहेत.

मी आता कामावर जातो, जिने चढतो. लंगडणं गेलंय. निखिलचं थोडं राहिलंय. बेंगळुरूच्या थंड सकाळी त्याची नडगी ठणकते. तो फोन करतो आणि विचारतो, “दादा, तुमचीही ठणकते का हो?”

माझी अजिबात ठणकत नाही. पण मी म्हणतो, “ठणकते की. आज तर फारच.”