गोठ्यातली मॅट आणि धरणाखालचं गवत

आमच्या गावात गोल्फ आला तो बाबांच्या ट्रंकेसोबत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते आले तेव्हा सामानात एक ट्रंक होती, एक वळकटी होती आणि पोत्यात गुंडाळलेल्या तीन काठ्या होत्या. बदलीवर जाणाऱ्या कुणा साहेबांनी दिलेल्या. खाली लोखंडाचं पातं, वर रबराची मूठ. एका पात्यावर सातचा आकडा होता म्हणून आमच्या घरात तिचं नाव सात नंबर पडलं. गावानं आधी ती हॉकी ठरवली. बाबांनी पारावर बसून नीट समजावून सांगितल्यावर मोठ्या माणसांचा विटीदांडू ठरवला. "साहेबांसंगं रोज खेळायचो आमी," असं बाबा सांगायचे. ऐकणारे माना डोलवायचे आणि बाबांची पाठ वळली की हसायचे. मला दोन्ही दिसायचं, आणि हसणाऱ्यांची नावं मी मनात पक्की धरून ठेवायचे.

मी तेव्हा सहावीत होते. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मला शिकवलं असं लोक म्हणत. मला तसं कधी वाटलं नाही. मी घरात होते, माझा हात जड होता आणि कुणी नको म्हटलं की तेच करायची मला खोड होती. एवढं त्यांना पुरलं.

औंढा नागनाथपासून आमचं गाव लांब नाही. जमीन काळी, खोल. पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो आणि उन्हाळ्यात भेगांमध्ये हात जातो. गवत उगवतं ते बांधावर, आणि तेही गुडघाभर. साहेब लोक खेळतात तसलं आखूड, दाट गवत आमच्याकडे कुठून येणार? म्हणून बाबांनी हळद वाळवायच्या खळ्यावर सोय केली. म्हशीचे गुडघे खरचटू नयेत म्हणून गोठ्यात रबरी मॅट आणली होती. ती मधोमध कापली, त्यावर मंडपवाल्याकडून मागून आणलेलं हिरवं कारपेट चिकटवलं आणि समोर दोन बांबूंना जुनं शेडनेट बांधलं. मॅटच्या एका अर्ध्यावर म्हैस उभी राहायची आणि दुसऱ्यावर मी. "म्हैस दूध तरी देती," माय म्हणायची, "तू काय देणार हाईस ते सांग."

रोज सकाळी शाळेच्या आधी. बाबा मागं उभे, हात पाठीशी. "मुंडी हलवू नको. गुडघे ढिले. नजर चेंडूवर." शाबास म्हणायची त्यांना सवय नव्हती. चांगला फटका बसला की ते फक्त पुढचा चेंडू ठेवायचे. माझे फटके बसत गेले. टक्क असा आवाज यायचा आणि चेंडू शेडनेटवर दरवेळी त्याच जागी जाऊन आदळायचा. तिथं भोक पडलं, मायनं जुन्या साडीचं ठिगळ लावलं, मग त्या ठिगळालाही भोक पडलं. मला वाटायचं, आपल्याला येतं.

दहावीच्या वर्षी बाबांच्या एका जुन्या साथीदाराचा फोन आला. पुण्याजवळच्या एका गोल्फ अकादमीत खेड्यातल्या एका मुलीला घेणार होते. राहणं, जेवण, अकरावी-बारावीचं कॉलेज आणि खेळ, सगळं त्यांचं. एप्रिलच्या मध्यावर चाचणी होती. घेणार एकीलाच. बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. दोघांनाही कळलं होतं की हे झालं तर झालं, नाहीतर औंढ्याच्या कॉलेजात नाव घालायचं आणि काठ्या परत पोत्यात. मोठी झालेली पोरगी खळ्यावर चेंडू झोडपत बसली आहे, हे आमच्या घरातही फार दिवस चाललं नसतं. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्याबद्दल बोलायचीसुद्धा भीती वाटायची.

परीक्षा संपली तेव्हा खळ्यावर उकडलेली हळद पसरलेली होती. मॅट गुंडाळून गोठ्यात गेली होती. चाचणी तोंडावर आलेली आणि हात थांबलेला. मग बाबांना सिद्धेश्वर धरणाच्या पाळूखालची, मातीच्या भिंतीच्या पायथ्याची जागा आठवली. तिथं पाणी झिरपतं, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही एक पट्टा हिरवा राहतो, आणि धनगरांच्या मेंढ्या तो चरून चरून अगदी आखूड करतात. आम्ही मोटरसायकलवर गेलो. बाबा वाटेत गाणं गुणगुणत होते, जे ते कधी करत नाहीत. "आज खऱ्या गवतावर मार," म्हणाले. "बघ कसा जातो चेंडू."

मी उभी राहिले. मुंडी स्थिर, गुडघे ढिले. सात नंबर वर गेली, खाली आली आणि जमिनीत घुसली. मनगटापासून खांद्यापर्यंत कळ गेली. मातीचं ढेकूळ उडालं आणि चेंडू म्हाताऱ्या माणसासारखा चार पावलं चालून थांबला.

"हात ढिले पडले तुझे," बाबा म्हणाले. "परीक्षेत बसून बसून. पुन्हा मार."

पुन्हा तेच. आणि पुन्हा. एकदा काठी जमिनीवरून उसळून चेंडूच्या डोक्यावर लागली आणि तो गवतातून सरपटत मेंढ्यांमध्ये गेला. बाबांचा आवाज चढत गेला. "मुंडी! मुंडी हलून राहिली तुझी!" माझी मुंडी हलत नव्हती. चार वर्षं तिला हलू दिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्या हिरव्या पट्ट्याची डुकरं शिरल्यासारखी दशा झाली.

मायचा मोबाईल घेऊन मी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सापडतील ते व्हिडिओ बघितले. मग कळलं. मॅटवर काठी चेंडूच्या मागं चार बोटं पडली तरी चालतं. खाली रबर, त्याच्या खाली सारवलेली टणक जमीन. काठी घसरत पुढं जाते आणि चेंडूला लागतेच. आवाजही तसाच येतो. गवत मात्र काठीला तिथंच धरतं. आधी चेंडूला लागायला पाहिजे, मग जमिनीला. म्हणजे चार वर्षं मी रोज सकाळी चुकत होते, आणि म्हशीची मॅट माझी चूक झाकत होती.

तिसऱ्या दिवशी धरणाखाली पोचल्या पोचल्या मी बाबांना हे सांगितलं. चढ्या आवाजात सांगितलं. "तुमी तर साहेबांसंगं रोज खेळायचे ना? मग एवढी गोष्ट म्हाईत न्हाई तुमाला? काहून न्हाई सांगितलं?"

बाबा मोटरसायकल स्टँडवर लावत होते. ती लागलेली असूनही त्यांनी पुन्हा लावली. मग बोलले ते मोटरसायकलकडे बघतच.

"गवतावर आमाला कोन मारू देतं?"

मला समजलं नाही.

"साहेब खेळायचे. मी बॅग उचलायचो. सगळं मैदान मला म्हाईत हाय, कुठं चढ, कुठं उतार, कुठला साहेब कुठली काठी मागतो. दुपारी साहेब लोक जेवायला गेले की मागच्या बाजूला मॅटा व्हत्या शिकाऊ लोकांच्या. तिथं मारू द्यायचे आमाला. तिथंच शिकलो. मॅटवरच." मग किल्ली काढून खिशात टाकत म्हणाले, "गवतावर एक चेंडू न्हाई मारला मी कदी."

खरं सांगते, मला कीव आली नाही. चीड आली. चाचणीला पंधरा दिवससुद्धा राहिले नव्हते आणि हा माणूस मला आता हे सांगत होता. गावाला थाप मारली ती मारली, मला कशाला मारायची? मी काठी घेतली आणि पट्ट्यावर गेले. राखेची एक रेघ ओढली. रेघेवर चेंडू ठेवायचा नाही, नुसती काठी फिरवायची आणि जमीन रेघेच्या पुढं उकरायची. व्हिडिओत तसंच सांगितलं होतं. सोपं वाटतं. माझी काठी दरवेळी रेघेच्या मागं पडत होती. चार वर्षांची सवय हाडात गेलेली. हाताला फोड आले, फुटले, त्यावर मायनं हळद लावली.

बाबा रोज येत. मला सोडायला दुसरं होतं कोण? पण मागं उभे राहत नसत. सकाळी पोचलो की आधी पट्ट्यावरच्या लेंड्या गोळा करून बाजूला टाकत, मग दूर पाळूच्या दगडांवर बसून राहत. "मुंडी" नाही, "गुडघे" नाही. इतकी वर्षं त्या ओरडण्याचा मला वैताग होता, आता ते नव्हतं तर काठी उचलायच्या आधी माझे कान मागं जायचे. घरी आम्ही दोघं समोरासमोर जेवायचो आणि मीठ मायमार्फत मागायचो. "काय झालंय तुमा दोघांला?" माय विचारायची. आम्ही ताटात बघून जेवत राहायचो. तिनं एकदा दोघांच्याही ताटात भाजी वाढायचीच नाही असं केलं. आम्ही कोरडी भाकरी खाल्ली.

निघायच्या आदल्या दिवशी दहातले सहा-सात फटके लागत होते. उरलेले कुठं जातील ते देवालाही सांगता आलं नसतं.

एसटीनं गेलो. अकादमीचं गवत बघून मी थिजलेच. एवढं सारखं गवत मी कधी बघितलं नव्हतं. ओलं, गार, पायाखाली दबणारं. धरणाखालच्या गवतासारखं तर ते नव्हतंच. इतर मुली आपापल्या बॅगा घेऊन आलेल्या. माझी सात नंबर बाबांनी टॉवेलमध्ये गुंडाळून काखेत धरली होती. गवताच्या कडेनं सिमेंटची पट्टी होती आणि तिच्यावर रांगेनं मॅटा टाकलेल्या होत्या, हिरव्यागार, नव्या. पालकांनाही त्या पट्टीवरच उभं राहायचं होतं.

चाचणी घेणारे सर उंच, टोपी घातलेले. म्हणाले, "प्रत्येकीला तीन चेंडू. मॅटवर मारा नाहीतर गवतावर मारा, जे जमतं ते. मला फक्त फटका बघायचाय."

माझ्या आधीच्या सगळ्या जणींनी मॅट घेतली. टक्क, टक्क, टक्क. माझं नाव पुकारलं. मी बाबांकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ बघितलं. त्यांनी डोळ्यांनी मॅट दाखवली. मग राहवलं नाही म्हणून हळूच म्हणालेही, "मॅटवर मार, बाई. मॅटवर तुझा चुकत न्हाई."

ते खरं होतं. मॅटवर माझे तिन्ही चेंडू सुतासारखे गेले असते. सरांनी मला घेतलंही असतं, आणि पहिल्याच दिवशी गवतावर उभी केल्यावर मी काय आहे ते सगळ्यांना दिसलं असतं. पण हा हिशोब मी नंतर केला. त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं की आता पुन्हा त्या मॅटवर उभी राहिले तर मी काठी मोडून टाकीन.

"गवतावर मारते, सर."

पहिला फटका जमिनीत गेला. ओल्या मातीचं मोठं ढेकूळ उडालं, चेंडू जेमतेम हलला. मागं कुणीतरी खुदकन हसलं. मागं वळून बघायचं नाही एवढंच ठरवलं. दुसरा गेला, पण उजवीकडं, झाडांमध्ये. तिसऱ्या वेळी मी काठी धरली आणि किती तरी वेळ ती उचलताच येईना. माझी मान ताठ झाली होती. तेवढ्यात मागून, सिमेंटच्या पट्टीवरून, परेडवर असल्यासारखा आवाज आला.

"मुंडी!"

मी मारला. हाताला काहीच लागलं नाही असं वाटलं. चेंडू वर गेला आणि वरच गेला, सरळ. जमिनीवर, चेंडू होता त्याच्या पुढं, हाताच्या पंजाएवढी गवताची खपली निघाली होती.

चेंडू कुठं पडला ते सरांनी बघितलंच नाही. ते माझ्याजवळ आले आणि वाकून ती खपली निघालेली जागा बघत राहिले. मग विचारलं, "गवतावर किती दिवस खेळतेस?"

"पंधरा दिवस."

"आणि त्याआधी?"

"मॅटवर. चार वर्षं."

त्यांनी मान हलवली. बाकीच्या मुली होईपर्यंत आम्हाला बसवून ठेवलं. तो तास आम्ही दोघं शेजारी बसून होतो आणि बाबा टॉवेलची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते. शेवटी सर आले.

"हिला घेतोय," ते बाबांना म्हणाले. "मनगटाची सवय मोडायला वर्ष जाईल. पण घेतोय. तुम्हाला काही विचारायचंय? हॉस्टेल, जेवण, कॉलेज?"

मला वाटलं, आता ते मेसचं विचारतील, सुट्ट्यांचं विचारतील, मायनं पढवून पाठवलेलं सगळं विचारतील. बाबा उठून उभे राहिले. टॉवेल खांद्यावर टाकला.

"गवतावर मारू देता ना तिला?" ते म्हणाले. "रोज?"

सरांना हसू आलं. "अहो काका, गवतावरच खेळतात गोल्फ."

"व्हय, व्हय. न्हाई, इचारलं आपलं," बाबा म्हणाले.

सर मला पुढं मैदान दाखवायला घेऊन निघाले. मी चार पावलं गवतात गेले आणि मागं वळून बाबांना "या ना" म्हणाले. ते हसले, हातानं तू जा म्हणाले, आणि सिमेंटच्या पट्टीवरच, कडेला बूट जुळवून, उभे राहिले.