फक्कीअण्णांची खुंटी

सन १९५३, मार्गशीर्षातला एक रविवार. स्थळ डोंबिवलीतल्या शाळेचा वर्ग. मंजूर रक्कम नऊ हजार रुपये. हजर अकरा जण, सगळे स्टेशनाजवळ राहणारे, सगळे नोकरदार. त्यात चिटणीस म्हणून मी. स्टेशनापासून कोपर गावापर्यंत गाडीरस्ता व्हायचा होता आणि तो कुठून न्यायचा हे ठरवायला आमची समिती जमली होती. बांधकाम खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले एक ओव्हरसियर आम्ही सल्ल्याला बोलावले होते. आम्ही पुढे केलेला नकाशा त्यांनी उलगडलाच नाही. वर्गातून एकदा नजर फिरवून त्यांनी विचारलं, "ज्यांच्या शेतांतून रस्ता जायचाय, ते कुठं आहेत?"

"त्यांना रीतसर नोटीस जाईल," अध्यक्ष म्हणाले.

"मग सभा अजून सुरू झालेली नाही," असं म्हणून त्यांनी टोपी घातली आणि ते निघून गेले.

पुढची सभा भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात भरली. ते ओव्हरसियर, म्हणजे आमचे अण्णा, रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीच्या दोन गोणी घेऊन आले होते. दोरी धरून त्यांनी अख्खा रस्ता, जेवढा रुंद तेवढा, जमिनीवरच काढला आणि वळणावळणाला खुंट्या ठोकल्या. "नकाशा मला वाचता येतो. पण त्यावरून गाडी मी नाही हाकणार, तुम्ही हाकणार," असं त्यांनी गावकऱ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून ते फक्कीअण्णा झाले. नखांत कायम पांढरं. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "लोकांकडे सणाला रांगोळी, आमच्याकडे रोज फक्की. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत रस्ता आखून झालाय."

त्यांचा नियम असा होता की खुंटी कोणीही हलवावी, फक्त रविवारी तिच्याजवळ उभं राहून सगळ्यांदेखत कारण सांगावं. "'मला नको' हे कारण नाही," ते बजावत. "गाडी अडते, पाणी तुंबतं, पोर पडेल, ही कारणं." पहिल्याच रविवारी विहिरीजवळची खुंटी दहा पावलं लांब गेलेली दिसली. तिच्याजवळ चार बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "बैल बुजला तं भरला हंडा घेऊन आमी पलाचं कुठं?" अण्णांनी लगेच जुनी रेघ पायानं पुसली. आम्हा अकरा जणांना मात्र ती विहीर नकाशावर एक ठिपका म्हणूनच माहीत होती.

खरा पेच स्टेशनाकडच्या वळणावर पडला. पेंढ्यानं भरलेली गाडी आखलेल्या रेघांतून नेऊन पाहिली तर ती वळेचना. वळणाच्या एका अंगाला हाशाबाबा या जुन्या शेतकऱ्याचं खळं होतं. दुसऱ्या अंगाला अण्णांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली जागा होती. तिथं तीन खोल्या आणि पुढं ओसरी बांधायची त्यांच्या मनात होती, आणि काकूंनी कोपऱ्यात सोनचाफा लावलाही होता. दुसऱ्या रविवारी खुंटी थेट त्या चाफ्याच्या बुडाशी ठोकलेली, आणि जवळ हाशाबाबा हाताची घडी घालून उभे.

आमच्यातले एक जण म्हणाले, "अण्णा, तुमची जागा राहू द्या. खळं काय, दुसरीकडेही सारवता येईल."

"हे खुंटीजवळ उभं राहून सांगा." कोणी पुढं झालं नाही.

हाशाबाबा म्हणाले, "पाच घरांचा भात या खल्यावर झोडतो, सायेब. बाकी समदी जागा सखल हाय, पानी साचतं."

अण्णांनी चाफ्यापासून खळ्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. मग म्हणाले, "कारण खरं आहे. खुंटी राहील." त्यांनी फक्कीचं घमेलं उचललं. मी नोंदीसाठी कागद पाहिला आणि म्हटलं, "अण्णा, जागा काकूंच्या नावावर आहे."

घमेलं तसंच खाली आलं. "गावाला विचारलं," ते पुटपुटले, "आणि हिलाच विचारायचं राहिलं." ते स्वतः बिऱ्हाडी जाऊन काकूंना घेऊन आले.

काकू खुंटीजवळ उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "यांच्या एकोणीस बदल्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी मी झाड लावलं, आणि फुलं पुढच्या बिऱ्हाडानं पाहिली. एवढंच माझं कारण."

अण्णांनी सभेकडे पाहिलं. "हे कारण धरायचं की नाही, ते मी ठरवू शकत नाही."

हाशाबाबाच हसले. "सायेब, गाव इचारलात, घर नाय इचारलात! आमचा भात हाय, बायचं झार हाय. दोन्ही धरा." त्यांनी स्वतःच्या हातानं खुंटी उपटली आणि चाफ्यापासून दोन हात सोडून ठोकली. "आता कमी परंल तेवढा खल्याचा कोना मी सोरतो."

भरलेली गाडी पुन्हा आणली. ती वळली.

अण्णांच्या तीन खोल्यांच्या दोन झाल्या, आणि ओसरी गेलीच. दारात खुर्ची टाकून बसले की पाय जवळजवळ रस्त्यावर. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "आमची ओसरी सरकारनं बांधलीय. कोपरपर्यंत लांब आहे." त्यांनी तक्रार केलेली मी ऐकली नाही. त्यांच्यानंतर आमच्या समितीनं रस्त्याखालची एक मोरीसुद्धा खोलीत बसून ठरवली नाही. माझ्या घरी न्हाणीचा नळ हलवायचा होता, तेव्हा मीही आधी घरात विचारलं. आणि तो हलला नाही.

नुकसानभरपाई कल्याणच्या कचेरीत १९५६ साली मिळाली. अण्णा त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेले होते. काकूंच्या सोबतीला मी गेलो. हाशाबाबा आधीच येऊन बाकावर बसले होते आणि त्यांच्या कानावर सोनचाफ्याचं फूल होतं. काकूंनी ते पाहिलं आणि त्या त्याच बाकावर बसल्या. हाशाबाबांना खळ्याच्या कोपऱ्याचे एकशे दहा रुपये मिळाले. काकूंना जमिनीच्या पट्टीचे एकशे पासष्ट. झाडाचा रकाना कारकुनानं कोरा ठेवला. झाड तोडलं नव्हतं.