बोडीवरचे चिलट अन् जवसाची चटणी

साळंचं तोंड म्या पायलं नाई. मास्तरनं मले पायलं नाई अन् म्या मास्तरले नाई, दोघंबी सुखात रायलो. पन गावात एखादी गोष्ट कोनालेच समजली नाई, का सगळ्यात आधी मीच समजावून सांगतो. तोंड देवानं देलं, मंग रिकामं कायले ठेवाचं?

आमचं गाव तिरोड्याच्या बाजूनं, बोदलकसापासून लय लांब नाई. माही धानाची एक बांधी हाय, चारी बाजूनं बांध घातलेलं वावर, अन् बांधीच्या खालती बोडी. बोडी म्हंजे लहानसा तलाव, चार म्हशी बसल्या का भरला. बांधीतलं जास्तीचं पानी त्याच बोडीत उतरते. त्या पावसाळ्यात माह्या घरचीनं अन् तिच्या संगच्या बायायनं मिळून बोडीत मासोळ्या सोडल्या होत्या. बोटाएवढी पिल्लं. घरची रोज सकाळी कोंडा टाकाले जाये अन् काठावर बसून त्यायच्यासंग बोले. माह्यासंग तेवढी बोलत नाई.

एक दिवस संध्याकाळी पायतो, त बोडीवर बारके बारके चिलट नाचून राहिले. एक-दोन नाई, धुराचा खांब उभा केल्यावानी. म्या सीधा पानठेला गाठला.

"गादमाशी आली," म्या सांगतलं.

आदल्या साली शेजाऱ्याच्या धानाले गाद लागली होती. कोंब आतून पोकळ झाले, लोंबी आलीच नाई. ते नुकसान म्या पायलं होतं. माशी पायली नवती. पन देव तरी कोनं पायला हाय? सांगनारा पक्का पायजे.

मी इतका पक्का, का सकाळी शेजारी स्वताहून फवाऱ्याचा पंप माह्या दारात ठेवून गेला. मी औषधाची बाटलीबी घेऊन आलो. घरची तांदूळ पाखडत होती.

"बांधीत फवारलं, त बोडीतल्या मासोळ्यायचं कसं?"

"मासोळ्या खालती, औषध वरती. त्यायचा अन् याचा काय संबंध?"

"अन् बांधीचं पानी कुठं उतरते? तुमच्या टकुऱ्यात?"

तिनं बाटली उचलली, तांदळाच्या रिकाम्या कोठीत टाकली अन् कोठीवर बसली. "पहिले शेतीच्या मॅडमले दाखवून या. मॅडम फवारा म्हनल, त फवारा. अन् तुमच्या म्हनन्यावर मासोळ्या मेल्या, त तुमालेच भुंजून खाऊ आमी सगळ्या जनी."

दाखवाचं म्हंजे पकडाचं आलं. म्या जेवाच्या थाळीले तेल लावलं अन् संध्याकाळी बोडीच्या पारीवरून, म्हंजे काठाच्या बांधावरून, थाळी हलवत पळालो. आरतीच करून राहिलो, असं दिसे. एक म्हातारा जाता जाता म्हने, "काय गा, मच्छरायले जेवाले बोलावून राहिला का?" थाळीले चिकटले त्यापेक्षा जास्त माह्या मिशीले चिकटले. तरी तेलासकट खरवडून एक डबी भरली. वरतून पायलं, त काळपट, दानेदार, तेलकट.

दुसऱ्या दिवशी घरचीनं शिदोरी बांधून देली. पोळ्या अन् स्टीलच्या डबीत जवसाची चटणी. माह्या चिलटायची डबीबी स्टीलचीच. दोनी एकाच थैलीत.

मॅडम शेजारच्या गावात बसते. मी गेलो तवा ते कुठं तरी बांधावर गेली होती. बसलो लिंबाखाली. भूक लागली, डबी उघडली, दोन पोळ्या चटणीसंग हानल्या. मीठ कमी वाटलं. मनात म्हटलं, आज घरी गेल्यावर बोलतोच, मासोळ्यायच्या नादात नवऱ्याच्या चटणीत मीठ टाकाची आठवन नाई रायत.

मॅडम आली. लहान पोरगी, पन चष्मा मोठा. म्या तिच्यासमोर डबी ठेवली. "घ्या. गादमाशी. गावात पहिले म्याच वळखली."

तिनं झाकन काढलं, बारीक भिंगातून पायलं, मंग भिंग बाजूले ठेवून वास घेतला.

"काका, हे जवस आहे."

मी डबीकडं पायलं. मंग लिंबाखालच्या रिकाम्या डबीकडं पायलं. मंग मिशी पुसली.

"मॅडम, गादमाशी खाल्ली त मानूस मरते का?"

तिले सगळं सांगा लागलं. ते टेबलाखाली काही तरी पडलं असं दाखवून वाकली, अन् हसू जिरल्यावर वर आली. मले मरन नाई, असं तिनं सांगतलं. मंग इचारलं, "रंग कसा होता? लालसर की हिरवट?"

"खाताना रंग कोन पायते मॅडम? अळनी होती, एवढं सांगतो."

मंग तिनंच समजावलं. गादमाशीचं पोट लालसर असते. पक्कं पाहाचं असल त धानाचे कोंब पाहा. गाद असल त कांद्याच्या पातीवानी पोकळ पोंगळी निघते. अन् बोडीवरचे हिरवट असले, नराच्या मिशा पिसावानी असल्या, बसताना समोरचे पाय वर धरले, त ते पान्यातले चिलट. चावत नाई, धानाले हात लावत नाई. त्यायच्या अळ्या बोडीच्या चिखलात रायते, अन् मासोळ्या तेच खाते.

मी घरी आलो. घरची अजून कोठीजवळच. "काय म्हने मॅडम?"

"पाय पाहा म्हने."

"कोनाचे?"

पारीवर आमी पांढरं धोतर बांधलं अन् टॉर्च लावला. चिलट येऊन बसले. म्या टॉर्च धरला, घरची नाक लावून पाहे.

"हिरवे हायेत," ते म्हने. "पाय वर हाय. समोरचे. बरं का वाईट?"

अन् मी इसरलो. समोरचे का मांगचे? तिचा हात माह्या मनगटावर होता, अन् ते श्वास रोखून होती. मंग आठवलं, मॅडमनं दोन हात वर करून दाखवलं होतं. पाय मांगचा असता, त मॅडमले कुत्र्यावानी उभं राहा लागलं असतं.

"बरं," म्या म्हटलं.

तरी तिचा माह्यावर भरोसा नाई. सकाळी बांधीत उतरली, जागोजागचे कोंब चिरून पायले. पोंगळी एकबी नाई. मंग बाटली कोठीतून काढली अन् म्या ते दुकानात वापस नेऊन देली. पंप शेजाऱ्याच्या दारात ठेवाले गेलो, त तो म्हने, "फवारलं काय?" म्या म्हटलं, "नाई गा. काही खाल्ले, बाकीचे सोडले." संध्याकाळपर्यंत अख्खी गोष्ट घरचीच्या कानावर गेली.

दिवाळी झाल्यावर बायायनं बोडीत जाळं टाकलं. मासोळ्या हातभर झाल्या होत्या. आमच्याच घरी सगळ्यायचा रस्सा शिजला, मी सगळ्यात पहिले ताट घेऊन बसलो.

घरचीनं भात वाढला अन् पळी हातातच धरली. "तुमाले मासोळी कायले पायजे? मासोळ्या जे खाते, ते तुमी आधीच खाल्लं."

बाकीच्या बाया पदर तोंडाले लावून हसत होत्या. मंग तिनं शेपटाचा तुकडा ताटात टाकला, अन् वरतून रस्सा.

म्या खाल्लं. मीठ बरोबर होतं.